डिस्क पॅड कधी बदलायचे आणि कसे

पन्हाळ्यावरून वाघबीळकडे उतरताना पुढच्या चाकातून 'कर्रर्र' ऐकू आलं, म्हणजे पॅडवरचं लायनिंग संपलंय आणि मागची लोखंडी पट्टी सरळ डिस्क खातेय. शंभर-दीडशे सीसीच्या गाडीचा पॅडचा सेट काही शे रुपयांत येतो. डिस्क कापली गेली की हिशोब हजारांत जातो. त्यामुळे आवाजाची वाट बघायची नाही, डोळ्यांनी बघून बदलायचे.

गाडी डबल स्टँडवर घ्या आणि कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर चिमट्यासारख्या बसलेल्या आणि पॅड धरणाऱ्या भागाच्या, मागून टॉर्च मारा. डिस्कच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड दिसतो: लोखंडी पट्टी आणि तिच्यावर काळपट लायनिंग. नव्या पॅडचं लायनिंग साधारण ४ ते ५ मिमी असतं. ते २ मिमीवर आलं की नवा सेट आणून ठेवा, १.५ मिमीवर बदला. १ मिमीच्या खाली गेलेल्या पॅडवर गाडी चालवू नका. बऱ्याच पॅडच्या लायनिंगवर खाच असते. ती खाच पुसली गेली की कंपनीनेच मुदत संपल्याचं सांगितलं असं समजा. एकच पॅड बघून उठू नका. बाहेरचा चटकन दिसतो, पिस्टनकडचा (पिस्टन म्हणजे ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणारा दट्ट्या) आतला लपलेला असतो आणि पुष्कळदा तोच आधी झिजतो.

हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीतूनही अंदाज येतो. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि डबीतली पातळी उतरते. पातळी उतरली म्हणून वरून ऑइल ओतायची सवय वाईट. आधी पॅड बघा. कुठे गळती नसेल आणि पॅड झिजलेले असतील, तर नवे पॅड बसवल्यावर पातळी आपोआप वर येते. मधे भर घातलेली असेल, तर तेच ऑइल डबीतून उतू जाऊन टाकीचा रंग उडवतं.

किलोमीटरचा आकडा मात्र फसवा असतो. पुढचे पॅड साधारण १० ते २० हजार किलोमीटर जातात म्हणतात, पण शहरात सपाटीवर फिरणारी गाडी आणि रोज गगनबावड्याकडे जाणारी गाडी यांचा हिशोब एक नसतो. कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या घाटरस्त्यांवर पावसाळ्यात तांबडा चिखल उडतो. त्यातली बारीक रेती पॅड आणि डिस्कच्या मधे जाऊन पॉलिश पेपरसारखं काम करते. ऊस तोडणी सुरू झाली की ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर शेतातली माती डांबरावर येते. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावलेल्या गाडीचा मागचा ब्रेक तर एकट्या माणसाच्या गाडीपेक्षा कितीतरी लवकर संपतो. अशा गाड्यांचे पॅड पावसाळ्यात महिन्याला एकदा बघावेत, एरवी दर दोन-तीन हजार किलोमीटरला.

सामान

पॅड गाडीच्या मॉडेलचे आणि वर्षाचे घ्या. एकाच नावाच्या गाडीत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आल्यावर कॅलिपर बदललेला असू शकतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे जुना पॅड हातात घेऊनच दुकानात जाणं बरं. कंपनीने ऑरगॅनिक (तंतू आणि रेझिनचे) पॅड दिले असतील तर ऑरगॅनिकच घाला. सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून-तापवून केलेले) पॅड जास्त टिकतात, पण त्यांच्यासाठी न बनलेली डिस्क ते लवकर खातात. पाकिटावर कंपनीचं नाव नीट नसलेला स्वस्त पॅड घेऊ नका. त्याचं लायनिंग पट्टीपासून सुटतं, आणि ते सुटतं नेमकं जोरात ब्रेक दाबल्यावर.

बाकी लागतं ते असं: १२ आणि १४ ची गोटी (सॉकेट), ५ आणि ६ ची ॲलन की, निपलसाठी (कॅलिपरवरचा, ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) ८ किंवा १० चा रिंग पाना, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, जुना टूथब्रश, सिलिकॉन ग्रीस, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, सुई नसलेली सिरिंज, स्वच्छ फडकी. ब्रेक ऑइलची सीलबंद बाटलीही आणा. डॉट ३ की डॉट ४ ते डबीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, नाव जवळचं वाटलं तरी ते यात चालत नाही.

काम

इथली पद्धत सरकत्या कॅलिपरची आहे, म्हणजे पिस्टन एकाच बाजूला असतात आणि कॅलिपर दोन पिनांवर डावी-उजवीकडे सरकतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना पुढे हाच असतो. नुसते पॅड काढून घालायला दहा मिनिटं पुरतात. अर्धा तास जातो तो साफसफाईत, आणि ब्रेक चांगला लागणं त्या अर्ध्या तासावरच अवलंबून असतं. पुष्कळ ठिकाणी नेमका तोच वाचवला जातो.

हँडल असं वळवा की ऑइलची डबी सपाट राहील. टाकीवर ओलं फडकं टाका. डबी काठोकाठ असेल तर झाकण काढून सिरिंजने थोडं ऑइल उपसा. झाकणाचे स्क्रू मऊ असतात आणि गंजून धरतात, म्हणून खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या, त्याच्या मुठीवर हातोडीने दोन हलके ठोके द्या आणि मग फिरवा. चुकीच्या टोकाने एकदा खाच गेली की ड्रिल करण्याची वेळ येते.

आता पॅडची पिन (पॅड ज्यावर अडकवलेले असतात ती), कॅलिपर गाडीवर असतानाच, अर्धा-एक फेरा सैल करा. काहींवर आधी छोटं बूच असतं, ते काढावं लागतं. कॅलिपर सोडवून हातात घेतल्यावर अडकलेली पिन फिरवणं म्हणजे नसता व्याप. पिन हलल्यावर फोर्कवरचे दोन बोल्ट काढा आणि कॅलिपर डिस्कवरून सरकवून बाहेर घ्या. तो पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. एबीएसच्या सेन्सरची वायर ताणली जात नाही ना, तेही बघा. कॅलिपर बाहेर असताना ब्रेकच्या लिव्हरला कुणी हात लावू नये, नाहीतर पिस्टन बाहेर पडतो. घरात लहान मुलं असतील तर त्यांना आधीच बजावा.

पिन काढायच्या आधी मोबाइलवर एक फोटो घ्या. आतली पातळ स्प्रिंगपत्ती कोणत्या तोंडाने होती हे नंतर आठवत नाही. ती उलटी बसली की पॅड खडखडतात.

जुने पॅड शेजारी ठेवून बघा, रोग त्यांच्यावरच लिहिलेला असतो. दोन्ही सारखे झिजले असतील तर ठीक. एक जाड, एक पातळ असेल तर सरकत्या पिना आधी संशयित, नंतर पिस्टन. एकच पॅड तिरका झिजला असेल तर एखादी पिन जाम आहे. लायनिंग काचेसारखं चकाकत असेल तर तो पॅड तापून गेला आहे. तेलकट असेल तर नवे पॅड घालण्याआधी तेल कुठून आलं ते शोधा: पुढे बहुधा फोर्कचं सील, मागे चेनवर मारलेला स्प्रे.

पिस्टनच्या बाहेर आलेल्या भागावर धूळ आणि काट साचलेला असतो. तो तसाच आत ढकलला तर रबरी सील कापतं आणि महिन्याभरात ऑइल गळायला लागतं. म्हणून आधी कॅलिपरमधली घाण ब्रेक क्लीनर किंवा साबणाच्या पाण्याने टूथब्रश मारून काढा. काळी धूळ तोंडाने फुंकू नका. रॉकेल, डिझेल, पेट्रोल अजिबात नको, त्याने सील फुगतात. पिस्टन बोटाने, नाहीतर जुना पॅड मधे धरून हळूहळू आत दाबा. दोन पिस्टन असतील तर एकाला अंगठ्याने रोखून धरा, नाहीतर एक आत जाताना दुसरा बाहेर येतो. डबीकडे लक्ष ठेवा. ऑइल काळपट असेल तर ते परत वर ढकलण्यापेक्षा निपलला पारदर्शक नळी लावा, निपल पाव फेरा सैल करा, पिस्टन दाबा आणि दाब न सोडता निपल बंद करा. घाण बाटलीत जाते, एबीएसच्या युनिटकडे जात नाही.

सरकत्या पिना ओढून काढा, जुनं वाळलेलं ग्रीस पुसा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं की रबरी बूट फुगतो आणि पिन आणखी घट्ट बसते. बूट फाटलेला असेल तर आजच बदला, कारण पावसाचं पाणी तिथूनच आत शिरतं. पॅडची पिन पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. तिच्यावर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवी घ्या. उद्यमनगरात लेथवर काय हवं ते करून मिळतं, पण ही पिन साध्या लोखंडातून करून घेऊ नका. डिस्क लेथवर घासून सरळ करायचाही मोह नको. ती मुळातच ४-५ मिमीची असते. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. व्हर्नियरने घासल्या भागात मोजा, कडेला राहिलेल्या काठावर नाही. आकड्याच्या खाली गेली असेल तर डिस्क बदला.

पत्ती बसवा, मग पॅड. लायनिंगची बाजू डिस्ककडे, लोखंडी बाजू पिस्टनकडे. घाईत उलटा पॅड बसवल्याची उदाहरणं आहेत. लायनिंगला ग्रीसची बोटं लावू नका. कॅलिपर डिस्कवर सरकवा, बोल्ट हाताने लावून मग आवळा. ८ मिमीच्या बोल्टला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. शेवटी पॅडची पिन पक्की करा.

यानंतरची पायरी विसरली की अपघात होतो. आत ढकललेले पिस्टन अजून पॅडपर्यंत पोचलेले नसतात, त्यामुळे पहिल्यांदा लिव्हर सरळ मुठीला टेकते. गाडी जागेवर असतानाच, लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा. मग डबीतली पातळी दोन खुणांच्या मधे आणा, झाकण लावा, चाक हाताने फिरवा. पॅडची हलकी खसखस चालते, चाक अडकता कामा नये. सांडलेलं ऑइल भरपूर पाण्याने धुवा, नुसतं पुसून रंग वाचत नाही.

दहा-पंधरा वेळा दाबूनही लिव्हर स्पंजासारखी लागत असेल तर आत हवा आहे, निपलमधून काढावी लागेल. ऑइल दोन वर्षांपूर्वीचं असेल तर त्याच वेळी सगळं बदलून टाका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. करूळ घाटात वैभववाडीकडे सतत ब्रेक धरून उतरताना लिव्हर अचानक पोकळ होते, ती या उकळलेल्या ऑइलमुळे. अशा उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनने गाडी रोखायची आणि ब्रेक थोडा थोडा लावायचा.

पहिले दोनशे किलोमीटर

नवा पॅड डिस्कवर पूर्ण टेकायला वेळ लागतो, तोवर ब्रेक कमी लागतो. गर्दी नसलेल्या सपाट रस्त्यावर ४० च्या वेगावरून १० पर्यंत हलक्या हाताने, थांबवायची नाही, असं वीस-पंचवीस वेळा करा. मधे थोडं चालवून डिस्क गार होऊ द्या. सकाळचा रंकाळा यासाठी नको, तिथे माणसं फिरायला आलेली असतात. जोतिबाचा डोंगरही त्या दिवशी नको. पहिले १५० ते २०० किलोमीटर जोरात ब्रेक मारायची वेळ येणार नाही एवढं अंतर ठेवून चालवा. नंतर डिस्क गार असताना बोल्ट एकदा तपासा. चीं-चीं आवाज राहिला तर पॅडच्या कडा पॉलिश पेपरने किंचित मोडा आणि पत्ती पुन्हा बघा.

२०१९ किंवा २०२१ सारख्या महापुरात गाडी पाण्यात उभी राहिली असेल, तर पॅड जाड दिसतात म्हणून ठेवू नका. पट्टी आणि लायनिंग यांच्यामधे गंज शिरतो आणि लायनिंग पापुद्र्यासारखं सुटतं. तिथे पॅड नवे, ऑइल नवं आणि पिना काढून साफ करायच्या, मग चाकाला हात लावायचा.