छोट्या टाकीत शेवाळ खाणारे जीव आणण्याआधीची तयारी

दुकानात जाण्याआधी माशांच्या टाकीसमोर बसून नेमकं काय वाढलंय ते नीट बघा. टाकी नवी असेल आणि काचेवर, वाळूवर बोटाने सहज पुसला जाणारा तपकिरी थर असेल, तर ते डायटम. नव्या टाकीत ते येतंच आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपसूक ओसरतं, त्यासाठी कुणाला विकत आणायची गरज नाही. काचेला घट्ट चिकटलेले, नखाने खरवडावे लागणारे हिरवे ठिपके वेगळे, पानांना लोंबणारे हिरवे तंतू वेगळे. वाळूवर निळसर-हिरवा बुळबुळीत थर पसरला असेल, तो धरला की पापुद्र्यासारखा सुटत असेल आणि त्याला कुबट वास येत असेल, तर ते सायनोबॅक्टेरिया. त्याला कुणी फारसं तोंड लावत नाही. पाणीच हिरवं झालं असेल तर तिथेही मासा किंवा गोगलगाय काही करू शकत नाही.

त्यानंतर दिवा. दिवसाला सहा ते आठ तास पुरे, आणि टायमर लावलात तर विसरण्याचा प्रश्नच नाही. खिडकीतलं थेट ऊन टाकीवर पडत असेल तर टाकी हलवा किंवा पडदा लावा. माशांना दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाणं घाला आणि दर आठवड्याला साधारण पाव हिस्सा पाणी बदला. हे आधी करायचं, कारण शेवाळ खाणाऱ्या जिवाची विष्ठाही त्याच पाण्यात पडते आणि त्यातलं नायट्रेट पुन्हा शेवाळालाच खत म्हणून मिळतं.

आता माप. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तर सुमारे ४२ लिटर पाणी मावतं. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पस्तीसच्या आसपास उरतं. एवढ्या पाण्यात मोठेपणी पाच सेंटिमीटरच्या वर जाणारा शेवाळखाऊ मासा मी कुणालाच सुचवणार नाही. दुकानदार सर्वांत आधी पुढे करतात तो सकर. बोटाएवढा आणि स्वस्त दिसणारा हा मासा एक फुटाच्या वर वाढतो, आणि मोठा होता होता शेवाळ कमी खाऊन घाण जास्त करतो. मग लोक तो नदीत नाहीतर तलावात सोडून देतात. दक्षिण अमेरिकेतला हा मासा २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत सापडला होता. तो वाहून आलेला नाही, माणसांनी आणलेला आहे. म्हणून यादीतून सकर आताच काढून टाका. सोनेरी रंगाचा अल्गी ईटर लहानपणी गोजिरवाणा दिसतो, पण मोठा झाला की दुसऱ्या माशांच्या अंगावर चिकटून त्यांना जेरीस आणतो. सयामीज अल्गी ईटर स्वभावाने चांगला, काळ्या केसाळ शेवाळावर तर त्याच्यासारखा दुसरा नाही, पण तो पंधरा सेंटिमीटरपर्यंत जातो. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत दगड खरवडणारा मळ्या कितीही मोहात पाडो, त्याला खळाळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. त्याला ओढ्यातच राहू द्या.

मग उरतं कोण? गोगलगायींमध्ये नेराइट. काचेवरच्या हिरव्या ठिपक्यांसाठी माझी पहिली पसंती हीच. हिची पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत, त्यामुळे टाकी गोगलगायींनी भरून जाण्याची धास्ती नाही. काचेवर, लाकडावर खसखशीएवढी पांढरी अंडी मात्र चिकटवते आणि ती सहज निघत नाहीत. ज्यांना ते डोळ्यांना खुपेल त्यांनी आधीच विचार करावा. तंतूंच्या शेवाळासाठी अमानो कोळंबी. जपानचे ताकाशी अमानो यांनी १९८०च्या दशकात झाडांच्या टाक्यांमध्ये तिचा वापर सुरू केला, म्हणून हे नाव. चार-पाच सेंटिमीटरची होते. चेरी कोळंबी तिच्याहून लहान, कामाला जरा हळू, पण घरच्या टाकीत सहज वाढते आणि नवशिक्यालाही सांभाळता येते. टाकीत फायटर किंवा एंजल मासा असेल तर कोळंबी आणू नका, ते तिला खाणंच समजतील.

ओटो हा छोटा मासाही या मापात बसतो, पण त्याच्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. दुकानात येणारे ओटो बहुतेक नद्यांतून पकडलेले असतात आणि प्रवासात उपाशी राहिलेले असतात. टाकी निदान तीन-चार महिने जुनी झालेली, पानांवर आणि लाकडावर पातळ थर धरलेला, तरच त्यांना पोटभर मिळतं. आणायचे तर सहाचा गट आणा, एकटादुकटा नको. दुकानात मासा काचेला चिकटलेला असताना खालून त्याचं पोट बघा. गोलसर असेल तर ठीक, खपाटीला गेलेलं असेल तर पैसे खिशातच ठेवा. पुष्कळदा असा मासा घरी आणून खायला घातलं तरी वाचत नाही, आणि ते बघणं फार जड जातं.

पाण्याची तयारी कुठल्याही जिवाच्या आधी. पाणी तपासायचं टेस्ट किट घ्या; अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्यं दोन्ही शून्य दिसल्याशिवाय काही आणू नका. नव्या टाकीला इथवर यायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन घालायचंच. मुंबईचं धरणांमधून येणारं पाणी मऊ, म्हणजे चुना कमी असलेलं असतं, त्यात गोगलगायीचं कवच झिजून पांढरं पडू लागतं. समुद्रफेसाचा (माकुळाच्या अंगातल्या चुनखडी हाडाचा) एक तुकडा टाकीत ठेवला तर चुना मिळतो. बोअरच्या पाण्याला सहसा ही अडचण नसते. उन्हाळ्यात पाणी तीस अंशांच्या वर जात असेल, तर पाण्यावर वारा येईल असा लहान पंखा लावा, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात.

फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा, नाहीतर कोळंबीची पिल्लं आत ओढली जातात. टाकीला झाकण हवंच, कारण नेराइट रात्री वर चढून बाहेर पडते. तांबं असलेली औषधं या टाकीपासून लांब ठेवा. माशांच्या आजारावरची काही औषधं आणि गोगलगाय मारायची औषधं यांत ते असतं आणि कोळंबी त्याने लगेच दगावते. डास-झुरळांचे स्प्रेही तसेच घातक. घरात पेस्ट कंट्रोल किंवा सोसायटीत धूरफवारणी असेल त्या दिवशी टाकी ओल्या चादरीने झाका आणि खोलीतली हवा निवळेपर्यंत एअर पंप बंद ठेवा, कारण पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो.

घरी आणल्यावर कोळंबी थेट ओतू नका. पिशवीतलं पाणी भांड्यात घ्या, एअर पंपच्या नळीला सैल गाठ मारून टाकीतलं पाणी थेंब थेंब त्यात सोडा आणि तास-दीड तासाने कोळंबी जाळीने उचलून टाकीत ठेवा. पिशवीचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. पहिल्याच खेपेला पस्तीस लिटरला एक-दोन नेराइट आणि आठ-दहा चेरी पुरेत. शेवाळ संपलं की त्यांना उपाशी ठेवायचं नाही. उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची किंवा दोडक्याची चकती आठवड्यातून दोनदा टाका, आणि उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळी काढून घ्या.