बोलोन्यात नव्याने आलात? आधी जुनं गाव पायी फिरा

इटलीतल्या बोलोन्यात शिकायला आल्यावर पहिले काही आठवडे खोली शोधण्यात जातात आणि जीव मेटाकुटीला येतो. तरीही एक सकाळ राखून ठेवा आणि जुन्या गावातून चालत जा.

सुरुवात स्टेशनपासूनच करा. बाहेरच्या भिंतीवरचं घड्याळ १०.२५ वर मुद्दाम थांबवून ठेवलंय. २ ऑगस्ट १९८० रोजी त्या वेळी इथे बॉम्बस्फोट झाला आणि ८५ माणसं गेली. गावाने ती जखम विसरलेली नाही. दोन मिनिटं थांबा, मग पुढे व्हा.

तिथून व्हिया इंदिपेन्देन्झा या रस्त्याने सरळ पियाझ्झा माज्जोरे या मुख्य चौकात पोचता येतं, जवळजवळ सगळा रस्ता कमानींच्या छताखालून. या कमानदार ओसऱ्यांना इथे ‘पोर्तिको’ म्हणतात. पाऊस पडो की ऊन तापो, बाजारहाट कोरडाच होतो. पण त्या का बांधल्या गेल्या, हे तुम्हाला कळायलाच हवं. १०८८ हे इथल्या विद्यापीठाचं स्थापनावर्ष मानतात. बाहेरगावची पोरं शिकायला येत गेली, माणसं वाढली, जागा पुरेना. मग घरमालकांनी वरच्या मजल्यावरच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या आणि खालून खांबांचा आधार दिला. १२८८ मध्ये तर नव्या घरांना पोर्तिको सक्तीचे झाले. जागा मालकाची, ये-जा मात्र सगळ्यांची; तो नियम आजही चालतो. तुमच्यासारखेच खोली शोधत आलेले लोक या गावाच्या रचनेतच आहेत.

हे डोळ्यांनी पाहायचं तर स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावर कासा इझोलानी या घरापाशी उभे राहा आणि मान वर करा. तेराव्या शतकातलं घर उंचच उंच ओकच्या खांबांवर पेललेलं आहे. मला अख्ख्या गावात ही जागा सर्वांत प्रिय आहे. वाटेत दोन मनोरे लागतात. त्यातला जास्त कललेला गारिसेन्दा २०२३ पासून डागडुजीसाठी कुंपणात आहे.

चौकातलं सान पेत्रोनियो चर्च १३९० मध्ये सुरू झालं आणि त्याचा दर्शनी भाग आजही अर्धा विटांचाच आहे. आत जमिनीवर खगोलशास्त्रज्ञ कासिनीने १६५५ मध्ये आखलेली लांबलचक रेषा आहे. छताजवळच्या भोकातून आलेला उन्हाचा कवडसा दुपारी तिच्यावरून सरकतो. मागच्या अंगाला आर्किजिन्नासिओ, विद्यापीठाची जुनी इमारत. तिच्या भिंती विद्यार्थ्यांच्या कुलचिन्हांनी खचाखच भरल्यात. कोण कुठून आलं, ते प्रत्येकाने मागे ठेवून दिलंय.

चौकालगतच सालाबोर्सा हे सार्वजनिक वाचनालय आहे. आत जायला पैसे लागत नाहीत. काचेच्या जमिनीखाली रोमन काळातले अवशेष दिसतात. खोलीवर अभ्यास होत नसेल तर इथेच येऊन बसा.

भूक लागली की क्वाद्रिलातेरोच्या गल्ल्यांत शिरा: भाजी, मासळी, चीज, ताजा पास्ता. शाकाहारी असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ‘तोर्तेल्लिनी’च्या सारणात डुकराचं मांस असतं. आकाराने मोठ्या ‘तोर्तेल्लोनी’त बहुधा रिकोत्ता चीज असतं, तरी विचारून घ्या: ‘सेन्झा कार्ने?’ म्हणजे बिनमांसाचं का? कॉफी काउंटरपाशी उभ्यानेच प्या. टेबलावर बसलात की बहुतेक ठिकाणी जास्त पैसे पडतात.