टाके कमी करताना या चुका टाळा

स्वेटरच्या मुंढ्याला एका बाजूला मस्त स्वच्छ रेघ आणि दुसरीकडे पायऱ्या पायऱ्या दिसतायत? मग बहुतेक दोन्हीकडे एकाच पद्धतीने टाके घटवलेत.

दोन टाके एकत्र सुलट विणले, म्हणजे पॅटर्नमधलं के टू टॉग, की डावा टाका वर येतो आणि जोडी उजवीकडे झुकते, एसएसकेमध्ये (स्लिप, स्लिप, निट, म्हणजे दोन टाके एकेक उचलून मग एकत्र विणणं) उजवा टाका वर राहतो म्हणून ती डावीकडे झुकते. त्यामुळे सुलट बाजूने विणताना ओळीच्या सुरुवातीला एसएसके आणि शेवटी के टू टॉग, मग रेघ दोन्हीकडे कडेच्या उताराबरोबर जाते.

सगळ्यात जास्त घोळ एसएसकेमध्येच होतो. दोन्ही टाके एकेक करून, सुलट विणायला सुई घालतो तसे उचलायचे, मग डावी सुई दोघांच्याही पुढून घालून एकत्र विणायचं. उलट विणताना घालतो तशी सुई घालून उचलले की दोन्ही टाक्यांना पीळ पडतो. जवळून बघा, टाक्याचे पाय खाली एकमेकांवरून गेलेले दिसले की समजायचं उचलताना चुकलंय. आणि जोडी सैल, लोंबती दिसत असेल तर ती सुईच्या टोकावरच विणा, सुई खोल घुसवली की टाके ताणतात आणि मग ते काही परत आवळत नाहीत.

अगदी कडेच्या टाक्यावर घटवू नका प्लीज, एक-दोन टाके सोडून आत करा, शिवताना सरळ कड मिळते.

पॅटर्नमध्ये घटवायला "दोन्ही बाजूंना 1 टाका, एक ओळ सोडून एक, 6 वेळा" असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ 12 टाके कमी, 60 चे 48. इथे मधली साधी ओळ विसरून प्रत्येक ओळीत घटवलं तर आकडा बरोबर येतो पण उतार निम्म्या ओळींतच संपतो आणि मुंढ्याचा आकार बिघडतो, म्हणून नुसते टाके मोजून भागत नाही, ओळीही मोजा. टोपीला 80 टाके असतील तर 8 सुलट, 2 एकत्र असं फेरीभर करून 72 उरले पाहिजेत, तिथेच मोजा, पुढे गेल्यावर चूक शोधणं फार जिवावर येतं.

एखादी जोडी चुकीच्या बाजूला झुकली आणि ते तीन-चार ओळींनी लक्षात आलं तर सगळं उसवायची गरज नाही. तिच्यावर दुसरी जोडी आली नसेल तर तेवढाच टाका सोडून खाली उतरवा, जोडीपाशी दोन टाके मोकळे होतील, जो वर हवा तो पुढे घेऊन क्रोशाच्या सुईने दोन्ही एकत्र ओढा आणि मग एकेक आडवा धागा उचलत वर या.