विमानाच्या इंधनप्रणालीची पेटंटे वाचताना

मेकॅनिकलची पदवी घेऊन मी पेटंट शोधण्याच्या कामाला लागलो, तेव्हा इंधन म्हणजे जाळायची वस्तू एवढीच माझी समजूत होती. पहिलेच काम इंजिनातील इंधन-तेल हीट एक्स्चेंजरवरील, म्हणजे गरम तेलाची उष्णता थंड इंधनाला देणाऱ्या उपकरणावरील, एका पेटंट-अर्जाचे आले: हीच युक्ती आधी कोणी नोंदवली आहे का, ते शोधायचे होते. ‘बर्फ’ आणि ‘गोठणे’ या शब्दांवर दोन दिवस शोध घेऊन मी ‘काही आढळले नाही’ असा अहवाल दिला. आमच्या वरिष्ठ मॅडमनी अर्ध्या तासात नेमके पेटंट समोर ठेवले. त्यात बर्फाचा उल्लेखच नव्हता, ‘प्रवाहातील घन पदार्थ’ असा शब्दप्रयोग होता. दावा, म्हणजे पेटंटमध्ये नेमक्या कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारे कलम, शक्य तितका व्यापक राहावा म्हणून मसुदा करणारे असेच गोलमोल लिहितात. म्हणून शब्दांआधी पेटंटांचे विषयवार वर्गीकरण आणि त्यातील सांकेतिक क्रमांक पाहावेत: इंजिनाचा इंधनपुरवठा एफ०२सी ७ मध्ये सापडतो, तर विमानातील टाक्या व त्यांची मांडणी बी६४डी ३७ मध्ये.

मॅडमनी दिलेली दुसरी शिकवण म्हणजे आधी अपघाताचा अहवाल वाचायचा, मग पेटंट उघडायचे. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून लंडनला आलेले बोइंग ७७७ हीथ्रोच्या धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर आदळले. सुदैवाने कोणी दगावले नाही. जमिनीपासून सुमारे ७०० फुटांवर आधी उजव्या आणि काही सेकंदांत डाव्या इंजिनाचा जोर ओसरला होता. टाकीतले इंधन उणे ३४ अंशांपर्यंत थंड झाले होते, पण ते गोठले नव्हते. गोठले होते ते त्यात नेहमीच असणारे अत्यल्प पाणी. लांबच्या प्रवासात प्रवाह मंद असताना हा बर्फ नळीच्या आतल्या बाजूला साचत गेला आणि उतरताना इंजिनाने जास्त इंधन ओढताच एकदम सुटून हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकला, असा तपासाचा निष्कर्ष होता. गंमत अशी की याच उपकरणात गरम तेल थंड होते आणि थंड इंधन तापते, म्हणजे बर्फ वितळवणे हे त्याचेच काम. पण एकाच वेळी आलेला बर्फ त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. त्याच्या तोंडाच्या पत्र्यातून शेकडो बारीक नळ्यांची टोके किंचित पुढे आलेली होती; नव्या रचनेत ती पत्र्याशी समतल करण्यात आली.

हे वाचल्यानंतर दाव्यातील ‘समतल’ हा एक शब्द किती वजनाचा असतो ते मला कळले. नवख्याने आकृत्या आणि वर्णन यांत रमण्याआधी पहिला स्वतंत्र दावा (दुसऱ्या दाव्यावर न टेकलेला) कागदावर तोडून लिहावा, एका ओळीत एकच घटक. मी आजही तसेच करतो. उष्णता-संक्रमण आणि द्रवयांत्रिकी हे दोन विषय पक्के हवेत. कायदा कामावर शिकता येतो. विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या पदवीधराला पेटंट एजंटची, म्हणजे इतरांच्या वतीने पेटंट-अर्ज करणाऱ्याची, परीक्षा देता येते, भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध मोफत आहे आणि कार्यालयाची एक शाखा मुंबईत अँटॉप हिलला आहे.

शुल्काच्या तारखा मात्र वहीत वेगळ्या लिहाव्यात. ब्रिटिश अभियंता फ्रँक व्हिटलने १९३० साली जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, पण १९३५ साली नूतनीकरणाचे पाच पौंड न भरल्याने ते पेटंट रद्द झाले. १९३७ साली त्याचे इंजिन पहिल्यांदा चालले, तेव्हा इंधन बंद केल्यावरही त्याचा वेग वाढतच राहिला, कारण गळलेले इंधन आत साचले होते.

सध्या माझ्याकडे इंधन म्हणून हायड्रोजन वापरण्यावरचे अर्ज वाढले आहेत, आणि नव्या उमेदवारांच्या मुलाखतीत मी हटकून विचारतो की यावरची जुनी पेटंटे कोणत्या सालापासून शोधायला सुरुवात कराल. बहुतेक उमेदवार २०१० म्हणतात. पण सुरुवात त्याच्या कितीतरी आधीपासून करायला हवी: जर्मनीत अभियंता हान्स फॉन ओहाइनचे पहिले प्रात्यक्षिक जेट इंजिन १९३७ साली हायड्रोजनवरच चालले होते आणि सोव्हिएत तुपोलेव्ह १५५ या विमानाने १९८८ साली द्रवरूप हायड्रोजनवर एक इंजिन चालवत उड्डाण केले होते.