गॅस ग्रिलसाठी रुंदी बदलता येणारा ट्रे

ग्रिलच्या तळाचा चरबी गोळा करणारा ट्रे गंजून फुटला आणि त्या मॉडेलचा सुटा ट्रे मिळेनासा झाला, तर ग्रिल मोडीत काढू नये. कोल्हापुरात उद्यमनगरातील पत्राकाम करणारा कारागीर तो बनवून देतो, मात्र रचना आपण नीट सांगावी लागते.

जुना ट्रे वाकलेला असतो, म्हणून माप त्याचे न घेता, तो ज्या पट्ट्यांवर सरकतो त्यांमधील अंतराचे, पुढे आणि मागे अशा दोन्ही ठिकाणी घ्यावे. ट्रे अखंड न करता 1 मिमी स्टेनलेस स्टीलचे, डावा आणि उजवा असे दोन भाग करून घ्यावेत. चरबी निथळण्याचे भोक ज्या भागात आहे तो खाली, आणि दुसऱ्याची कड त्यावर किमान 50 मिमी चढलेली असावी. कौलांप्रमाणे वरचे खालच्यावर आले की सांध्यातून गळत नाही. उतार भोकाकडेच हवा. रुंदी कमीजास्त करण्यासाठीच्या लांबट खाचा तळाला मुळीच पाडू नयेत, त्या पुढच्या-मागच्या उभ्या कडांमध्ये, शक्य तितक्या वर घ्याव्यात आणि 6 मिमी बोल्टला विंग नट लावावा, म्हणजे पान्याशिवाय जुळवणी होते. प्रथम पुठ्ठ्याचा नमुना बसवून पाहिल्यास पत्रा वाया जात नाही. कांदा-लसूण मसाल्यातले मीठ साध्या पत्र्याला लवकर खाते, त्यामुळे येथे काटकसर परवडत नाही.

स्वस्त पडतो म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा मात्र वापरू नये, कारण तो फार तापल्यास निघणारा धूर अपायकारक असतो.