पाड्यावरची स्त्री बेपत्ता झाली, तर शोध कसा मागावा

धडगाव, अक्कलकुवा, चोपडा, यावल या तालुक्यांतील एखाद्या पाड्यावरची स्त्री घरी परतली नाही आणि नातेवाईक पोलीस ठाण्यात गेले, तर त्यांना पुष्कळदा 'पळून गेली असेल, दोन दिवस वाट पाहा, पंचात मिटवा' असे सांगितले जाते. चोवीस तास किंवा दोन दिवस थांबावे असा कोणताही नियम कायद्यात नाही, म्हणून त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा.

कॅनडातील व्हँकुव्हर शहराच्या डाउनटाउन ईस्टसाइड वस्तीतून वर्षानुवर्षे स्त्रिया नाहीशा होत होत्या. त्यांतल्या अनेक जणी तिथल्या आदिवासी समाजाच्या होत्या, आणि त्यांच्या घरच्यांनाही अशाच उत्तरांवर परतावे लागत होते. २००२ मध्ये रॉबर्ट पिक्टन याला अटक झाल्यावर त्याच्या डुकरांच्या फार्मवर ३३ स्त्रियांचे अवशेष किंवा डीएनए सापडले. २००७ मध्ये त्याला सहा खुनांसाठी दोषी ठरवण्यात आले. पोलिसांनी या स्त्रियांचा शोध गांभीर्याने घेतला नाही, असे २०१२ च्या चौकशी अहवालात नमूद आहे.

अर्जात ती शेवटची कुठे, केव्हा, कोणाबरोबर दिसली, तिचा मोबाइल क्रमांक कोणता आणि तो कधी बंद झाला, हे लिहावे. ती ऊसतोडीच्या टोळीबरोबर गुजरातेत गेली असेल, तर मुकादमाचे नाव, गाडीचा क्रमांक आणि पडाव असलेले गाव यांचाही उल्लेख करावा. रेल्वेने गेल्याचा संशय असल्यास नंदुरबार आणि भुसावळ येथील लोहमार्ग पोलिसांना अर्जाची प्रत द्यावी. मिसिंग नोंदीचा क्रमांक आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये. जबाब मराठीत लिहिला जातो आणि घरातली माणसे पावरी किंवा भिली बोलतात, तेव्हा दोन्ही भाषा जाणणारा माणूस सोबत न्यावा आणि जबाब वाचून, समजावून घेतल्यावरच अंगठा द्यावा.

मिसिंगची नोंद म्हणजे गुन्हा दाखल होणे नव्हे, आणि घरच्यांची फसगत बहुधा याच ठिकाणी होते. पळवून नेल्याचा किंवा घातपाताचा संशय असेल, तर अर्जात तो स्पष्ट शब्दांत मांडून एफआयआर मागावा. बेपत्ता मुलगी अठरा वर्षांखालील असेल, तर अपहरणाचा गुन्हा दाखल केलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे. घटना दुसऱ्या हद्दीतली, अगदी दुसऱ्या राज्यातली असली, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो आणि त्याची प्रत मोफत मिळते. नकार मिळाल्यास तीच हकीकत नोंदणीकृत टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवावी आणि त्यानेही काम न झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. तिला कोणी डांबून ठेवले असावे असे वाटत असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात हेबियस कॉर्पसची, म्हणजे तिला न्यायालयापुढे हजर करायला लावण्याची, याचिका करता येते. संशयित अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लावण्याची मागणी सुरुवातीलाच करावी, कारण त्यातील कलम १८ अ प्रमाणे एफआयआरपूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नसते.

वर्णनाकडे मात्र फार लक्ष द्यावे. 'सावळा रंग, मध्यम बांधा' एवढ्यावरून कोणीही ओळखू येत नाही. कपाळावरचे आणि हातावरचे गोंदण कसे आहे, चांदीचे कोणते दागिने अंगावर होते, लुगड्याचा रंग कोणता, जुनी जखम कुठे, हे घरातल्या बायकांनाच विचारून लिहावे. तिची फणी आणि न धुतलेला कपडा डीएनए तपासणीसाठी कागदी पिशवीत जपून ठेवावा. प्लास्टिकमध्ये ओल धरते. कॅनडातल्याच विनिपेग शहरात जेरेमी स्किबिकी याने २०२२ मध्ये चार आदिवासी स्त्रियांचा खून केला. त्यांतल्या एकीचे नावच कळत नव्हते, म्हणून तिथल्या समाजाने तिला बफेलो वुमन असे नाव दिले. पोलिसांनी तिच्या जॅकेटसारख्या जॅकेटचे छायाचित्र प्रसिद्ध केले, आणि २०२५ मध्ये कपड्यावरच्या डीएनएवरून तिची ओळख पटली.

मृतदेह सापडला, तर ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि आत्महत्या म्हणून प्रकरण मिटण्याची भीती असते. पंचनाम्याच्या वेळी घरचा माणूस हजर असावा, अंगावरच्या खुणा लिहून घ्याव्यात, आणि शवविच्छेदनाबद्दल शंका असेल, तर दफनापूर्वीच दुसऱ्या शवविच्छेदनाची लेखी मागणी करावी. २०२२ मध्ये धडगाव तालुक्यातल्या एका बापाने याच मागणीसाठी मुलीचा देह महिन्याहून अधिक काळ मिठाच्या खड्ड्यात जपून ठेवला, तेव्हा कुठे तो मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात नेण्यात आला. विनिपेगमध्ये पोलिसांनी कचरा डेपो खणण्यास नकार दिला होता, तरी त्या चौघींपैकी दोघींच्या घरच्यांनी मागणी सोडली नाही आणि २०२५ मध्ये तिथेच दोघींचे अवशेष मिळाले. कोणत्याही बापावर मीठ आणण्याची वेळ येऊ नये, म्हणून दुसऱ्या शवविच्छेदनाचा अर्ज पहिल्याच दिवशी द्यावा.

आसपासच्या पाड्यांवरून गेल्या काही वर्षांत आणखी कोणी बेपत्ता आहे का, हे बाजाराच्या दिवशी आणि होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला माणसे जमतात तेव्हा विचारावे. तोच मुकादम, तीच गाडी किंवा तोच रस्ता दोन प्रकरणांत आला, तर ती नावे तारखांसह एकाच कागदावर मांडून नंदुरबार, धुळे आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांच्या अधीक्षकांना द्यावीत, कारण एकेक ठाणे आपल्या हद्दीपुरतेच पाहते. एखादी स्त्री अशा माणसाच्या तावडीतून जखमी होऊन सुटली असेल, तर तिचा जबाब सर्वांत आधी नोंदवून घ्यावा. पिक्टनच्या फार्मवरूनही १९९७ मध्ये एक स्त्री भोसकलेल्या अवस्थेत निसटली होती. पुढच्या वर्षी त्याबद्दल पिक्टनवर भरलेला खटला थांबवण्यात आला, आणि त्यानंतर अटक होईपर्यंतच्या चार वर्षांत आणखी अनेक जणी नाहीशा झाल्या.