स्क्रीन रेझिस्टर पुन्हा पुन्हा जळतोय? आधी भिंतीतला सॉकेट मोजा

ट्यूब गिटार अ‍ॅम्पमधला तोच स्क्रीन रेझिस्टर (पॉवर ट्यूबच्या स्क्रीन ग्रिडला वीज देणारा) दुसऱ्यांदा जळाला की तिसरा लगेच लावू नका. चूक बहुधा त्याची नसतेच. जास्त वॅटचा ठोकून दिला तर पुढच्या खेपेला ट्यूब जाते, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर, आणि तो खिशाला परवडत नाही. इथले आकडे दोन ईएल३४ पॉवर ट्यूब असलेल्या ५० वॅटच्या अ‍ॅम्पचे आहेत.

अ‍ॅम्प बंद असला तरी आत ४०० व्होल्टच्या वर चार्ज असू शकतो. प्लग काढा. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींनी मेन फिल्टर कपॅसिटरचा प्लस आणि चॅसिस यांच्यामध्ये दहा सेकंद धरा. मीटरने १० व्होल्टच्या आत आल्याची खात्री करा, मगच हात घाला.

पहिला संशयित भिंतीत आहे. यावल-रावेरकडच्या फीडरवर शेतातल्या मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज चढतं, म्हणून रात्री, ज्या वेळी वाजवता त्याच वेळी मोजा. २३० च्या जागी २५५ आलं तर ४५० ची एचटी (ट्यूबच्या प्लेटला मिळणारं उच्च डीसी व्होल्टेज) ५०० च्या घरात जाते आणि ट्यूबमधला ६.३ व्होल्टचा हीटर ७ ला टेकतो. ६.९ च्या वर हीटर चालवणं म्हणजे ट्यूबचं आयुष्य जाळणं. टकटक करत पायऱ्या बदलणाऱ्या रिले स्टॅबिलायझरपेक्षा मोटरने सलग व्होल्टेज जुळवणारा सर्व्हो चांगला. स्वस्तात भागवायचं तर १५ व्होल्ट, २ अँपियरच्या ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी मेन्सला जोडा आणि सेकंडरी, तिचं व्होल्टेज वजा होईल अशी उलटी, फेजच्या वायरीत सिरीजला टाका. २५५ चे २३८ होतात. सेकंडरी सुलटी लागली तर व्होल्टेज कमी न होता वाढतं, त्यामुळे अ‍ॅम्पऐवजी आधी बल्ब लावून मोजा. फ्यूज आणि बंद डबा हवाच.

व्होल्टेज ठीक असेल तर बायस, म्हणजे ट्यूबचा करंट आवरून धरणारं ग्रिडवरचं उणे व्होल्टेज. दोन्ही ईएल३४ काढा, बाकी ट्यूब आणि स्पीकर जागेवर ठेवा, स्टँडबाय स्विच वाजवण्याच्या स्थितीत करा आणि दोन्ही सॉकेटची पिन ५ (ग्रिड) मोजा. दोन्हीकडे उणे ३५ ते ४० च्या आसपास सारखंच व्होल्टेज हवं. वीस मिनिटांनी पुन्हा बघा, कारण खरी मेख इथेच असते: कपॅसिटर थंड असताना साळसूद असतो, तापला की लीक होतो. एकाच बाजूचं उणे व्होल्टेज कमी झालं तर त्या बाजूचा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर बदला, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन घ्या. दोन्हीकडे घसरलं तर बायस सप्लायचा छोटा इलेक्ट्रोलिटिक वाळलेला असतो. नवा १०५ अंशांचाच घ्या. भुसावळच्या मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, चॅसिसच्या आतलं विचारूच नका.

दोन्ही बाजू स्थिर असतील तर ट्यूब परत लावून त्यांची अदलाबदल करा. तापून लाल होणारी प्लेट ट्यूबबरोबर दुसऱ्या सॉकेटात गेली तर ट्यूबच खराब. लाली जुन्याच सॉकेटात राहिली तर पिन २ आणि ३ च्या मध्ये काळी रेघ दिसते का ते पाहा. ती ठिणगीने जळलेली वाट असते. घासून जात नाही. सिरॅमिक सॉकेट बसवा. ठिणगी बहुतेकदा स्पीकर सुटलेला असताना उडते, तेव्हा स्पीकरचा जॅक आणि वायरही तपासा. स्पीकरला गिटारची शील्डेड वायर लावणं बंद करा. १६ ओहमच्या टॅपवर ४ ओहमचं कॅबिनेटही नको.

सगळं निस्तरल्यावर दोन्ही बाजूंना १ किलोओहम, ५ वॅटचे वायरवाउंड रेझिस्टर बोर्डापासून ५ मिलिमीटर उचलून सोल्डर करा. बायस लावताना कॅथोड आणि चॅसिसमध्ये १ ओहमचा रेझिस्टर असला की १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपियर. ४५० व्होल्टला प्रत्येक ट्यूबला ३५ ते ३८ मिलिअँपियर पुरे, आणि हे रात्रीच्या चढ्या व्होल्टेजवरच लावायचं, दुपारी नाही.